वार्निशला हात लावत नाही

गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांनी बाबांना पुष्कळ प्रश्न विचारले. त्यांतल्या एकाचं उत्तर मी दिलं. प्रश्न साधा होता. काम काय करता? बाबा खुर्चीत पुढे सरकले, त्यांनी घसा साफ केला, आणि तेवढ्यात मी म्हणाले, "फर्निचरच्या दुकानात असतात."

हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं होतं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहावा लागे, तेव्हापासून. पुढे कॉलेजात, ग्रंथालयातल्या नोकरीच्या मुलाखतीत, दोन-तीन स्थळं येऊन गेली तेव्हाही मी तेच म्हणत आले. त्यात खोटं काही नव्हतं. दुकान होतं, फर्निचरचंच होतं, आणि बाबा तिथे चाळीस वर्षं होते. फक्त ते काचेच्या दाराच्या बाजूला नव्हते. दुकानामागे सुतारांचा कारखाना होता आणि कारखान्याच्याही मागे एक लांबट खोली. तिथे जमिनीवर बसून ते लाकडाला पॉलिश करत. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र इस्त्रीच्या शर्टातला, गिऱ्हाइकाला कपाट उघडून दाखवणारा माणूस उभा राही, आणि मी त्याला राहू देई.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते पुन्हा मागे टेकले.

डॉक्टर चोख होत्या. नंतर नातेवाइकांत त्यांच्याविषयी बरंच बोललं गेलं, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. त्यांनी हृदयाचा आलेख काढून घेतला होता, लिव्हरची तपासणी करून घेतली होती, शेवटची दारू कधी घेतली हे तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून झालं होतं. नऊ दिवस झाले होते. मग त्यांनी गोळीची माहिती दिली. ही गोळी दारूची इच्छा मारत नाही, त्या म्हणाल्या. दारू अंगात गेली तर ती शरीराला पुरती पचवू देत नाही. अर्धवट पचलेलं ते विष रक्तात साचतं. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. कधीकधी जिवावर बेततं. गोळी थांबवली तरी तिचा परिणाम दोन आठवडे राहू शकतो. असं काही झालं तर घरी वाट बघत बसायचं नाही, इथे यायचं. आणि खिशात हे कार्ड कायम ठेवायचं, म्हणजे शुद्ध नसली तरी समोरच्या डॉक्टरला कळेल.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, चहातून दिली तर चालेल का.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गोळी पोटात आहे हे ज्याला माहीत नसतं तो नेहमीसारखा पितो, आणि मग ते आम्हाला फार उशिरा कळतं, असं त्यांनी सांगितलं. माणसाच्या संमतीशिवाय ही गोळी द्यायची नाही. दुसऱ्याने समोर उभं राहून द्यावी, पण घेणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.

"मी आपलं विचारून ठेवलं," आई म्हणाली.

"बघितलंत ना," बाबा डॉक्टरांना म्हणाले, "आमच्याकडे चहासुद्धा वास घेऊन प्यावा लागतो."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी एक छापील यादी पुढे ओढली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचली. खोकल्याचं औषध, गुळण्यांचं औषध, दाढीनंतर लावायचं पाणी, सेंट, सॅनिटायझर, व्हिनेगर घातलेले पदार्थ. घरात रंगकाम चालू असेल तर लांब राहा. इथे आईने मान वर केली आणि म्हणाली, वीस वर्षं झाली घराला रंग काढून, त्या बाबतीत अगदी निर्धास्त राहा. डॉक्टरांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वार्निश, थिनर, असलं काही हाताळता का?

बाबा त्या दिवशी पहिल्यांदा ताठ बसले. "छे छे," ते म्हणाले. "वार्निशला मी हात लावत नाही."

तेही खरं होतं. वार्निश म्हणजे तयार डबा आणायचा, ब्रशने फासायचा आणि वाळायची वाट बघायची. ते कुणीही करतं, बाबा म्हणत, हात नसलेला माणूसही करील. पॉलिश वेगळं. चपडीचे, म्हणजे लाखेचे, पापुद्रे रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, गाळायचे, मग कापसाची फडक्यात बांधलेली पोटली त्यात बुडवून लाकडावर घोटत राहायचं. एका थराला एक हात म्हणतात. आठ हात, दहा हात, चांगल्या कामाला वीस. एकदा एक गिऱ्हाईक बाबांनी महिनाभर घोटलेल्या टेबलावरून हात फिरवून म्हणालं होतं, वार्निश सुंदर झालंय. बाबा त्यानंतर जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाशी बोलले नव्हते.

डॉक्टरांनी वार्निशपुढे फुली मारली. स्पिरिट हा शब्द त्या खोलीत कुणीही उच्चारला नाही. डॉक्टरांना विचारायचं कारण उरलं नव्हतं. आम्हाला तो शब्द आठवला नाही, कारण तो आमच्या घराचा वासच होता. माझ्या दप्तरालासुद्धा तो येत असे.

कारखान्यात बाबांना आरसेकर म्हणत. आमचं आडनाव ते नव्हे. त्यांनी पॉलिश केलेल्या कपाटाच्या दारात बघून भांग पाडता येतो, असं कुणीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं. एकदा तर पोस्टाने आरसेकर या नावाने लग्नपत्रिका आली होती. पोस्टमनने ती परत नेली नाही, कारण त्यालाही तेच नाव माहीत होतं.

बाबांनी दारू सोडायचं ठरवलं ते आईच्या बोलण्याने नाही. आईचं बोलणं पंचवीस वर्षं चालू होतं आणि पालथ्या घड्यावर पाणी होतं. त्यांनी ठरवलं ते हात कापायला लागला म्हणून. पॉलिश करताना पोटली चालती राहावी लागते. ती लाकडावर क्षणभर थांबली की खालचा थर विरघळतो आणि डाग पडतो. एका कपाटाच्या दारावर असे तीन डाग पडले. मालकांनी दुसऱ्या दिवशी बाबांना फक्त घासकाम दिलं. कागदाने लाकूड घासून गुळगुळीत करायचं, भेगांत लांबीचा लगदा भरायचा. नवीन माणसाचं काम. बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि मला म्हणाले, एखादा डॉक्टर बघ.

गोळी रोज सकाळी द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी आई-बाबांपासून दोन थांब्यांवर राहते. कामावर जाताना तिथे उतरून पुढे जाणं सोपं होतं. आईही देऊ शकली असती, पण ती गोळीबरोबर व्याख्यान देते आणि ते पाण्याने गिळलं जात नाही, असं बाबांचं म्हणणं पडलं. मी गोळी तळहातावर ठेवायची, ते गिळायचे, मग तोंड उघडून जीभ वर करून दाखवायचे. "तपासून घ्या इन्स्पेक्टरसाहेब," ते म्हणायचे. आई स्वयंपाकघरातून विचारायची, गेली का खाली. "खाली गेली, वर तू आहेसच," बाबा म्हणायचे.

आईने घर धुऊन काढलं. खोकल्याच्या औषधाची बाटली गेली, दाढीनंतरचं पाणी गेलं. माझ्या पर्समधला सेंट तिने वास घेऊन परत ठेवला, पण बाबांच्या शेजारी बसू नकोस म्हणाली. यादी तिने फ्रिजवर चिकटवली होती. तिच्याइतकी ती यादी कुणी पाळली नसेल.

दोन आठवडे सुरळीत गेले. बाबांचा हात स्थिर झाला. ते चहाचा कप काठोकाठ भरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत आणि थेंब न सांडता टेबलावर ठेवत, आणि कुणी पाहिलं की नाही ते बघत. पंधराव्या दिवशी मालकांनी त्यांना पॉलिशच्या खोलीत परत बसवलं. एका संस्थेच्या सभागृहासाठी मोठं टेबल होतं, चोवीस माणसं बसतील असं. बाबांनी मला दुपारी ग्रंथालयात फोन केला. ते कधी फोन करत नसत. "टेबल मला दिलं," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. मी गेले तेव्हा बाबा पलंगावर बसले होते. चेहरा आणि मान लालबुंद, कपाळावर घाम. दोनदा उलटी झाली होती. छातीवर हात ठेवून ते श्वास मोजून घेतल्यासारखे घेत होते. आईने त्यांचा शर्ट नाकाशी धरला होता. कामाचा वास कुठला आणि पिण्याचा कुठला हे आपल्याला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने कळतं, असा तिचा दावा होता. हा पिण्याचा, तिने निकाल दिला.

"नाही घेतली," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, मांजर डोळे मिटून दूध पितं. आनंद झाला की घ्यायची ही यांची जुनी खोड आहे, आणि आज टेबल मिळालंय. मलाही ते पटलं. यादीतली एकेक लक्षणं समोर होती, डॉक्टरांनी सांगितली त्याच क्रमाने. तासाभराने लाली उतरली, बाबा झोपले. घरी वाट बघत बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही वाट बघितली. दवाखान्यात जाणं म्हणजे बाबा प्याले हे काउंटरवर जाऊन सांगणं होतं, आणि सगळीकडे आम्हीच सांगून ठेवलं होतं की यांनी सोडली. पुढच्या सोमवारी तपासणीला जायचंच होतं. तेव्हा सांगू, असं ठरलं.

"औषध लागू पडलं म्हणायचं," आई म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं. माझ्याही मनात तेच होतं. हे मला नोंदवून ठेवायचं आहे, की आम्हा दोघींना त्या संध्याकाळी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा घरी राहिले, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी ते कामावर गेले आणि पुन्हा तेच झालं, जरा कमी. चौथ्या दिवशी पॉलिश वाळायला सोडलं होतं, त्यांनी टेबलाचे पाय घासले. त्या संध्याकाळी ते ठणठणीत होते. शुक्रवारी सकाळी मी गोळी तळहातावर ठेवली तेव्हा त्यांनी ती उचलली नाही.

"पॉलिशच्याच दिवशी होतंय," ते म्हणाले. "घासकामाला नाही होत."

मी म्हणाले, चाळीस वर्षं तोच वास घेताय, एकदाही झालं नाही.

"तेव्हा गोळी नव्हती."

मला कामावर जायचं होतं, आणि हे वाक्य मला पळवाटेसारखं वाटलं. पिणाऱ्या माणसाच्या घरात वाढलेल्या मुलांना कारणं ऐकण्याचा कान असतो. हवामान, मित्राचा वाढदिवस, दाढदुखी. कारण जितकं नवीन तितका संशय पक्का. हे कारण मी कधीच ऐकलं नव्हतं.

"दोन दिवस गोळी नको देऊस," ते म्हणाले. "टेबलाचे शेवटचे हात राहिलेत. सोमवारी डॉक्टरना मी स्वतः विचारतो."

"आणि त्या दोन दिवसांत काय करायचं ठरवलंय?" मी विचारलं. "बाबा, आईला फसवा हवं तर. मला तरी नको."

ते माझ्याकडे बघत राहिले. आई दारात येऊन उभी होती. तिच्या बाजूचं मी बोलले होते. बाबांनी गोळी उचलली, तोंडात टाकली, पाणी प्याले. मग तोंड उघडलं आणि जीभ वर केली. त्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले नाहीत. मी पाहिलं आणि निघाले.

शनिवारीही तसंच. गोळी, पाणी, जीभ.

शनिवारी दुपारी बारा-सव्वाबाराला सुतार जेवायला बोलवायला त्या मागच्या खोलीत गेला. सुतार आणि बाबा वीस वर्षं डबा एकत्र खात. बाबा टेबलाखाली कुशीवर पडले होते, पोटली हातात. पडतानासुद्धा त्यांनी ती टेबलावर राहू दिली नव्हती, डाग पडला असता, असं सुताराने मला नंतर सांगितलं. त्याने आणि आणखी दोघांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. खिशातलं कार्ड सुताराने दवाखान्यात दाखवलं. तिथल्या तरुण डॉक्टरने कार्ड वाचलं, बाबांच्या कपड्यांचा वास घेतला आणि विचारलं, किती घेतली. सुतार म्हणाला, एक थेंब नाही. त्या डॉक्टरने मान हलवली, जशी आम्ही हलवत होतो, आणि सलाइन लावलं.

मी पोचले तेव्हा आमच्या डॉक्टर आलेल्या होत्या. रक्तदाब फार खाली गेला होता, हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. बाबांच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, डोळे मिटलेले. डॉक्टरांनी सुताराला विचारलं, पडले तेव्हा काय करत होते.

"पॉलिश," सुतार म्हणाला.

"म्हणजे कसलं?"

"चपडीचं. स्पिरिटमध्ये करतात ते."

"पण वार्निशला हात लावत नाही, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं."

"नाहीच लावत," सुतार म्हणाला. त्याला ते थोडं लागलेलं दिसलं.

डॉक्टरांनी फाइल उघडून पहिलं पान काढलं. मला ते उलटं दिसत होतं तरी मी वाचलं. व्यवसाय या शब्दापुढे माझं वाक्य होतं. आई बाकावर बसली होती आणि फ्रिजवरची यादी तोंडपाठ असल्यासारखी ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. मग तिने विचारलं, स्पिरिट त्यात लिहिलं का नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की स्पिरिट म्हणजे शेवटी अल्कोहोलच, ते प्यावंच लागतं असं नाही. वाफ श्वासातून जाते, उघड्या हातातून थोडं आत जातं. बहुतेकांना थोडा त्रास होतो आणि बाहेर मोकळ्या हवेत आलं की उतरतो. पण आठवड्याभरात पुन्हापुन्हा, तासन् तास, आणि हृदय मुळात थोडं कमजोर असेल, आलेखात दिसणार नाही इतपत, तर काय होईल ते त्यांना सांगता येत नव्हतं. हेच कारण आहे, असंही त्या ठामपणे म्हणाल्या नाहीत.

रविवारी सकाळी बाबा शुद्धीवर होते. मास्क काढून नळी लावली होती. रक्ताचा अहवाल आला होता. प्यायलेल्या माणसाच्या रक्तात असतं तसं त्यात काहीच नव्हतं. डॉक्टरांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि मी बाबांच्या खाटेशी गेले. असं काही सांगायची मला सवय नव्हती. मी अहवालाबद्दल सांगायला सुरुवात केली, आकडे सांगितले, मग थांबले.

"तुम्ही घेतली नव्हती," मी म्हणाले.

"मला माहीत आहे," बाबा म्हणाले.

ते चिडले नव्हते. मी काही नवीन सांगितलं नव्हतं, एवढंच. आई पलीकडच्या बाजूला उभी राहून त्यांच्या चादरीची घडी सारखी करत होती. ती म्हणाली, मला वाटलं होतं, घेतली म्हणून. बाबा म्हणाले, तुला काय, तुला लग्नाच्या दिवशीही वाटलं होतं. आई चादर ओढत राहिली.

डॉक्टर फेरीवर आल्या तेव्हा त्यांनी पुढचं सांगितलं. ही गोळी बंद. लिव्हर बघून दुसरं औषध सुरू करू, त्याचं स्पिरिटशी वैर नाही, ते पिण्याची ओढ कमी करतं. त्याचे नियम वेगळे आहेत, काही वेदनाशामक औषधं त्याच्याबरोबर चालत नाहीत, ते नीट लिहून देते. पण दोन आठवडे पॉलिशच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. बाबांनी टेबलाचं विचारलं. टेबल थांबेल, त्या म्हणाल्या. बाबा म्हणाले, दोन हात राहिलेत फक्त.

मग डॉक्टरांनी फाइल उघडली. "एक सांगा. फर्निचरच्या दुकानात असतो, एवढंच का सांगितलंत? पॉलिशचं काम करतो असं म्हणाला असतात तर मी गोळी दिलीच नसती."

मी खाटेच्या दांड्याला धरून उभी होते. तोंड उघडलं होतं की नाही ते मला आता नक्की सांगता येणार नाही.

"मीच म्हणालो तसं," बाबा म्हणाले. "पॉलिशवाला म्हणायला बरं वाटत नाही."

ते डॉक्टरांकडे बघून बोलले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. ज्या माणसाला आरसेकर म्हणवून घेण्यात चाळीस वर्षं सुख वाटलं, त्याला पॉलिशवाला म्हणायला लाज वाटते हे तिथे फक्त आईला आणि मला खोटं वाटलं असतं. आई पाणी आणायला गेली होती.

सोमवारी पहाटे त्यांचं हृदय थांबलं. ते पुन्हा चालू करायचा प्रयत्न पाऊण तास झाला.

दवाखान्याने दिलेले कागद मी बरेच दिवस वाचले नाहीत. माझं काम पुस्तकांच्या नोंदी करण्याचं आहे. नोंद चुकली की पुस्तक कपाटात असूनही हरवतं, हे मी नवीन माणसांना शिकवते. शेवटी कागद वाचले तेव्हा दुसऱ्या पानावर एक ओळ होती. रुग्णाने आपल्या कामाच्या स्वरूपाची पूर्ण माहिती दिली नव्हती.

शेवटच्या महिन्यात बाबांचा शब्द कुणी खरा धरला नव्हता. आईने नाही, मी नाही, त्या तरुण डॉक्टरने नाही. ते सगळा वेळ खरं बोलत होते. एकदाच खोटं बोलले आणि तेवढंच कागदावर राहिलं होतं.

मी डॉक्टरांची वेळ घेऊन गेले. त्यांना वाटलं मी तक्रार घेऊन आले आहे. त्या थोड्या सावरून बसल्या. मी ओळ दाखवली आणि म्हणाले, हे दुरुस्त करायचं आहे. माहिती बाबांनी दिली नव्हती. मी दिली होती, तुमच्याच समोर, याच खुर्चीत बसून.

"ते तर म्हणाले होते, मीच."

"खोटं बोलले."

त्यांनी पहिलं पान काढून पाहिलं. कोण बोललं होतं ते त्यांना आठवत नव्हतं, दिवसाला चाळीस माणसं येतात. याने आता काय फरक पडणार, असं त्या विचारतील अशी माझी समजूत होती आणि त्याचं उत्तर मी बसमध्ये तयार करून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी ओळ खोडली, शेजारी लिहिलं, व्यवसायाची माहिती मुलीने दिली, अपुरी होती, सही केली, तारीख घातली. मग कागद माझ्याकडे न देता स्वतःजवळच ठेवला.

"आता पुरी द्या," त्या म्हणाल्या.

आणखी किती माणसं असं काम करतात ते मला माहीत नाही, त्या म्हणाल्या. काय विचारायचं हे कळल्याशिवाय विचारता येणार नाही. मी सांगायला लागले. चपडी, स्पिरिट, गाळणं, पोटली, एकावर एक हात. त्या लिहीत होत्या आणि मधे मधे अडवत होत्या. दिवसात किती तास? पोटली उघड्या हाताने धरायचे का? दिवसाला स्पिरिट किती लागतं, पेलाभर की बाटलीभर? खोलीतला वास दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो का? जेवायच्या आधी हात कशाने धुवायचे?

मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. त्या खोलीत मी आयुष्यात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा दारातूनच परत आले, डोळे चुरचुरले म्हणून.

मी सुताराला फोन केला. तो जेवणाच्या सुट्टीत आला, तसाच, केसांत भुसा. खुर्ची खराब होईल म्हणून बसेना. डॉक्टरांनी दोनदा सांगितल्यावर काठावर टेकला. मी त्याला म्हटलं, यांना बाबांचं काम समजून घ्यायचंय. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या हातातल्या पेनकडे.

"कुठून सांगू, ताई?"

"सकाळी आल्यावर पहिलं काय करायचे, तिथून," डॉक्टर म्हणाल्या.

त्याने विचार केला. "आले की आधी खिडक्या लावायचे," तो म्हणाला. "ओल्या पॉलिशवर धूळ बसली की केलेलं सगळं फुकट. खिडक्या झाल्या की दार. दाराच्या फटीत फडकं कोंबायचे, आम्ही इकडे रंधा मारतो ना, त्याचा भुसा उडतो. मग आत बसले की मी बोलवेपर्यंत उघडायचं नाही."

डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. मी विचारलं, किती वाजता बोलवायचास.

"जेवायला," तो म्हणाला. "बारा, सव्वाबारा. मोठं काम असलं तर मग एकदम संध्याकाळी."